खालची कवळी का डळमळते?

दात गमावल्यानंतरच्या कवळीविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. काही पत्रे बरीच लांब होती. त्यांचा आशय कायम ठेवून ती थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय 66 आहे. वरचे सर्व दात गेल्या दोन वर्षांत काढावे लागले. खाली सात दात उरले आहेत. त्यांतले पाच हलतात, दोन सुळे मात्र बरे आहेत. एक डॉक्टर म्हणतात, सगळेच काढून टाका आणि एकदाच पूर्ण कवळी करून घ्या. दुसऱ्यांनी इम्प्लांट सुचवले आहे. माझा निर्णय होत नाही. शिवाय दात काढल्यावर किती महिने बोळक्या तोंडाने राहावे लागेल, याची धास्ती वाटते.

उत्तर : दोन सुळे बरे आहेत हे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, पण सारा निर्णय त्याच वाक्यावर ठरायला हवा. ते दोन सुळे काढण्याची घाई कृपया करू नका.

यामागचे कारण समजून घ्या. जबड्याच्या ज्या हाडात दात रोवलेला असतो, ते हाड दाताच्या मुळासाठीच असते आणि दात गेला की ते झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, सर्वांत झपाट्याने होते. पुढे तिचा वेग मंदावतो, पण ती कधीच पूर्ण थांबत नाही. टालग्रेन या संशोधिकेने पूर्ण कवळी वापरणाऱ्या व्यक्तींचा 25 वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातील हाडाची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट होती. कवळी ज्या उंचवट्यावर बसते, तो उंचवटाच खालच्या जबड्यात असा विरघळत जातो. वरच्या कवळीने सुखी असलेला माणूस खालच्या कवळीने रडकुंडीला येतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

म्हणून आपल्या सुळ्यांची मुळे खरोखर घट्ट असतील, तर त्यांचे रूट कॅनाल करून, ते हिरडीच्या जरा वरपर्यंत कापून, गोलसर करून ठेवता येतात आणि त्यांच्यावरून कवळी बसवता येते. दिसायला ती पूर्ण कवळीच असते, परंतु खाली दोन मुळे शाबूत असल्यामुळे तेवढ्या भागातले हाड टिकून राहते, आणि आपण किती जोराने चावत आहोत याची नैसर्गिक जाणीवही काही अंशी उरते. एकच पथ्य कडक आहे: त्या दोन बुंध्यांना रोज फ्लोराइडच्या पेस्टने घासावे लागते. झाकलेल्या जागी कीड फार लवकर लागते, आणि ही मुळे पुढे गमावली जातात ती बहुधा त्यामुळेच.

इम्प्लांट सुचवणारे डॉक्टरही चुकीचे सांगत नाहीत. हाडाशी एकजीव होणाऱ्या टायटॅनियमच्या स्क्रूंवर माणसाच्या तोंडात दात बसवण्याचा पहिला प्रयोग स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये केला, आणि 2002 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत नोंदवले की खालचे सगळे दात गेलेल्या व्यक्तीसाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा. संपूर्ण जबड्यात इम्प्लांट रोवण्याची गरज नसते. पुढच्या भागातले दोन पुष्कळदा पुरतात, आणि हाडाशी एकजीव व्हायला त्यांना सर्वसाधारणपणे काही महिने द्यावे लागतात. आपले सुळे वाचले नाहीत तर याच मार्गाचा गांभीर्याने विचार करा. मात्र आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान, जबड्याला पूर्वी दिलेली रेडिएशनची ट्रीटमेंट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि विशेषतः हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतली जाणारी औषधे यांपैकी काहीही असेल, तर ते दात काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा. शेवटच्या प्रकारच्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरून येण्यात गंभीर अडचण येऊ शकते.

आता आपल्या धास्तीविषयी. बोळक्या तोंडाने राहायचेच नसेल तर कवळी आधी तयार करून, दात काढल्याच्या दिवशीच ती बसवता येते. पहिले 24 तास ती सहसा काढायची नसते, कारण एकदा काढली तर सुजेमुळे पुन्हा बसेनाशी होते. परंतु तिची मर्यादा मनाशी पक्की ठेवा: हिरड्या भरून येताना आणि हाड झिजताना ती काही आठवड्यांतच सैल होऊ लागते, तिला आतून तात्पुरते मऊ अस्तर लावावे लागते, आणि काही महिन्यांनी कायमचे अस्तर किंवा नवी कवळी करावी लागते. ‘माझी कवळी तीन महिन्यांत बिघडली’ असे सांगत येणाऱ्यांना बहुतेक वेळा ही गोष्ट आधी कोणी सांगितलेली नसते. त्याऐवजी जखमा भरू दिल्या आणि मग माप घेतले, तर दीड ते तीन महिने थांबावे लागते, पण कवळी अधिक स्थिर जागेवर बसते.

कवळी तयार होताना साधारणपणे चार-पाच भेटी होतात. त्यांतली एक भेट मी प्रत्येकाला मन लावून द्यायला सांगते, ती म्हणजे मेणातल्या दातांची चाचणी. त्या दिवशी दात खरे असतात, पण ते गुलाबी मेणात रोवलेले असतात, त्यामुळे एखादा दात किंचित वळवणे, आखूड करणे, सगळी रांग अर्धा मिलिमीटर मागे घेणे हे सारे दोन मिनिटांत होऊ शकते. मेणाच्या जागी एकदा ॲक्रिलिक आले की यातले फारसे काही करता येत नाही. त्या दिवशी जवळच्या माणसाला सोबत न्या. दात असतानाचा, हसरा, समोरून काढलेला एखादा जुना फोटो न्या. मग आरसा हातात धरून एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंतचे आकडे मोठ्याने म्हणा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट या शब्दांत ‘स’ आणि ‘ष्ट’ पुन्हा पुन्हा येतात. ते म्हणताना वरचे आणि खालचे दात एकमेकांवर आपटत असतील तर कवळीची उंची जास्त झाली आहे, हे त्याच क्षणी कळते. दात निवडताना फार पांढरा रंग मागू नका, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वयाला साजेशी, जराशी पिवळसर छटा आणि एखादा किंचित वाकडा दात असला की चेहरा आपला वाटतो.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय 74) तीन आठवड्यांपूर्वी वरची व खालची कवळी बसवली. वरची चांगली बसली आहे. खालची मात्र बोलताना, जेवताना वर येते. त्या जेवायला बसताना ती काढून डबीत ठेवतात आणि ‘मला जमणार नाही’ म्हणतात. कवळी चुकीची झाली आहे का?

उत्तर : चुकीची झाली असेलही, परंतु तीन आठवड्यांत तसे म्हणता येणार नाही, आणि डबीत ठेवलेल्या कवळीवरून तर मुळीच नाही. आधी सासूबाईंना हे सांगा की खालची कवळी डळमळणे हा त्यांचा दोष नाही.

काचेच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये पाण्याचा थेंब टाकून ते एकमेकांवर दाबले, तर ते एकमेकांवरून सरकतात पण उचलून सुटत नाहीत. वरची कवळी याच तत्त्वावर टिकते. संपूर्ण टाळू झाकलेली असते, मधे लाळेचा पातळ थर असतो आणि कडा गालाच्या आतल्या बाजूला टेकून हवा आत जाऊ देत नाहीत. खालच्या कवळीला हे भाग्य नाही. ती घोड्याच्या नालेसारखी असते, तिला मिळणारी जागा वरच्या कवळीच्या जेमतेम निम्मी असते, आणि तिच्या मधोमध दिवसभर हलणारी जीभ असते. दंतवैद्य कितीही कुशल असला तरी खालची कवळी चांगली बसवणे हे त्याचे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे काम जीभ, गाल आणि ओठ करतात, आणि ते त्यांना शिकावे लागते.

मी हे नेहमी आरशासमोर दाखवते. गेल्या वर्षी एक आजोबा अगदी सासूबाईंचीच तक्रार घेऊन आले होते. त्यांना तोंड थोडे उघडायला सांगितले, तशी त्यांची जीभ गोळा होऊन घशाकडे मागे गेली, जिभेखालचा भाग ताणून वर उचलला गेला आणि त्याच्याबरोबर कवळीची मागची बाजू वर आली. मग त्यांना सांगितले, जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवा, दाबू नका, आणि जिभेच्या कडा दाढांवर सैल सोडा. कवळी खाली बसली. त्यांनी जीभ तिथेच ठेवून तोंड तीनदा उघडले, मिटले, आणि ती जागची हलली नाही. ते बराच वेळ आरशात पाहत राहिले. दात गेल्यानंतर अनेकांना जीभ मागे ओढून ठेवण्याची सवय लागते, आणि ती लक्षात आणून दिल्याशिवाय कळत नाही. सासूबाईंनी रोज तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटे, आरशासमोर हा सराव करावा. पहिल्या आठवड्यात जीभ पुन्हा पुन्हा मागे पळेल. प्रत्येक वेळी ती पुढे आणायची.

दुसरी गोष्ट अशी की त्या सुरुवात जेवणापासून करत आहेत, आणि कवळीचे सर्वांत अवघड काम तेच आहे. आधी जेवणाव्यतिरिक्तच्या वेळात ती घालून बसावे, मोठ्याने वाचावे, घरातल्यांशी बोलावे. मघाचे एकसष्ट ते एकोणसत्तर आकडे इथेही उपयोगी पडतात. पहिले काही दिवस तोंडात लाळ फार येते, कारण शरीर कवळीला खाण्याचा घास समजते. थुंकत बसण्यापेक्षा ती गिळत राहावी, चार-सहा दिवसांत तिचे प्रमाण कमी होते. बोलणे बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत सुधारते. चावायला मात्र सहा ते आठ आठवडे सहज लागतात. तेव्हा सासूबाई निम्म्या वाटेवरही पोहोचलेल्या नाहीत.

खाताना मऊ पदार्थांपासून सुरुवात करावी, घास लहान करावा आणि तो दोन भाग करून दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकाच वेळी चावावा. नैसर्गिक दातांनी आपण एका बाजूने चावतो, पण कवळीच्या एका बाजूवर जोर आला की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी काहीही तोडू नये. तुकडे आधीच सुरीने किंवा हाताने करून घ्यावेत. चहासारखे गरम पेय पिताना पहिला घोट फार सावधपणे घ्यावा, कारण टाळू झाकलेली असल्याने उष्णता कळत नाही आणि घसा भाजतो. कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असते, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे. त्यांना जेवायला दुप्पट वेळ लागेल. तो त्यांना शांतपणे मिळू द्या, आणि त्या चावत असताना त्यांच्या तोंडाकडे कोणी पाहत बसू नये. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण कवळी डबीत जाण्याचे कारण पुष्कळदा हिरडीत नसून या संकोचात असते.

कुठे टोचत असेल किंवा फोड आला असेल तर मात्र सहन करत बसू नये. घरी कानस किंवा सॅंडपेपरने घासण्याचा प्रयत्न कदापि करू नये. दवाखान्यात जाण्याआधी आदला दिवसभर, निदान काही तास तरी, कवळी तोंडात ठेवावी. हिरडीवर लाल खूण उमटलेली असली तरच नेमके कुठे घासायचे ते डॉक्टरांना दिसते. जीभ योग्य जागी ठेवूनही, तोंड स्थिर असतानाही कवळी वर येत असेल, किंवा बोलताना दात टकटक वाजत असतील, तर मापात अथवा उंचीत चूक असण्याची शक्यता आहे, आणि ती दुरुस्त करून मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : रात्री कवळी घालून झोपले तर चालते का? काढल्यावर चेहरा म्हातारा दिसतो म्हणून मी ती काढत नाही. साफ करण्यासाठी टूथपेस्टच वापरते.

उत्तर : आपली भावना मी समजू शकते, तरीही रात्री कवळी काढाच. कवळीखालची त्वचा दिवसभर दाबाखाली असते आणि लाळेने धुतली जात नाही; तिथे बुरशी वाढते आणि टाळू लालभडक होते. दुखत नसल्यामुळे हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. जपानमध्ये 85 वर्षे व त्यापुढच्या 524 व्यक्तींचा तीन वर्षे अभ्यास करण्यात आला आणि तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. झोपताना कवळी तोंडात ठेवणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचे प्रमाण त्यात दुपटीहून अधिक आढळले. दात काढल्याच्या दिवशीच बसवलेल्या कवळीची पहिली रात्र हा याला अपवाद आहे.

टूथपेस्ट बंद करा. तिच्यातील खरखरीत कणांमुळे ॲक्रिलिकवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतूंना घर मिळते. मऊ ब्रश आणि हात धुण्याचा साधा द्रव साबण पुरेसा आहे. घासताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा खाली टॉवेल अंथरा, कारण कवळ्या तुटतात त्या बहुतेक बेसिनवर निसटूनच. रात्रभर ती साध्या पाण्यात बुडवून ठेवा. ती कोरडी पडू देऊ नका, आणि उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका, तिचा आकार बिघडतो. कवळी धुण्याच्या गोळ्या वापरल्या तर चांगलेच, पण त्या घासण्याची जागा घेत नाहीत, आणि कवळी तोंडात घालण्यापूर्वी नीट धुऊन घ्यावी लागते. रोज सकाळी हिरड्या, टाळू आणि जीभ मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : कवळी चिकटवण्याची पेस्ट रोज वापरणे अपायकारक आहे का?

उत्तर : नीट बसणाऱ्या कवळीला थोडा आधार म्हणून वापरली तर नाही. कोरड्या केलेल्या कवळीवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. कडेने पेस्ट बाहेर येत असेल तर ती जास्त झाली. वरच्या आणि खालच्या, दोन्ही कवळ्यांसाठी सुमारे 68 ग्रॅमची ट्यूब सात-आठ आठवडे पुरायला हवी. आपली दोन आठवड्यांतच संपत असेल तर दोष पेस्टचा नाही, कवळी सैल झाली आहे. काही पेस्टमध्ये जस्त असते आणि ते वर्षानुवर्षे अतोनात पोटात गेले तर शरीरातील तांबे कमी होऊन हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे असे त्रास उद्भवू शकतात. म्हणून वेष्टनावर जस्तविरहित असे लिहिलेली पेस्ट निवडा.

प्रश्न : मागच्या तीन दाढा गेल्या आहेत. काढघाल करता येणारी अंशतः कवळी करायची आहे. लवचीक करावी की धातूची?

उत्तर : लवचीक कवळीला धातूचे आकडे दिसत नाहीत आणि ती पहिल्या दिवसापासून सुखाची वाटते, हे खरे आहे. परंतु मागच्या दाढांच्या जागी चावण्याचा भार बहुतांशी हिरडीवर येतो आणि लवचीक कवळी तो भार उरलेल्या दातांवर नीट वाटून देत नाही. शिवाय तिला आतून अस्तर लावणे, तुटल्यास दुरुस्त करणे, नवा दात जोडणे अवघड असते. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांगाड्याची कवळी पातळ असते, दातांवर टेकून बसते आणि दीर्घकाळ टिकते. तीन दाढांसाठी मी धातूचीच सुचवेन. दोन्ही प्रकारांत, ज्या दातांना कवळी अडकते ते दात सर्वांत आधी किडतात, म्हणून कवळी काढून ते वेगळे घासावेत.

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वीची कवळी आता हलते. खालच्या बाजूला, कवळीच्या कडेला महिनाभरापासून एक फोड आहे, फारसा दुखत नाही. नवी कवळी घ्यावी की जुनीच दुरुस्त करावी?

उत्तर : तो प्रश्न नंतर पाहू. आधी तो फोड दाखवा. कवळी काढून ठेवल्यावर किंवा घासून घेतल्यावर टोचण्याचा फोड आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो. दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकणारा कोणताही व्रण, दुखत नसला तरी, तपासायलाच हवा, कारण तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अनेकदा अशीच न दुखणाऱ्या व्रणाने होते. बहुतेक वेळा तो सैल कवळीच्या सततच्या घर्षणामुळेच आलेला असतो, परंतु हे पाहून आणि गरज पडल्यास त्याचा तुकडा तपासून ठरते, अंदाजाने नाही.

कवळीविषयी सांगायचे तर नऊ वर्षांत तिने आपले आयुष्य जवळजवळ पूर्ण केले आहे. खालचे हाड झिजत गेले आणि कवळी तशीच राहिली, म्हणून ती हलते. दात झिजले नसतील आणि उंची बरोबर असेल तर आतून नवे अस्तर लावून काही काळ काम भागेल. ओठांचे कोपरे खाली ओढलेले, ओलसर किंवा चिरलेले राहत असतील तर बहुधा उंची कमी झालेली असते आणि मग नवीच करावी लागते. जुनी कवळी मात्र टाकून देऊ नका. तिच्या कोणत्या गोष्टी आपल्याला सोयीच्या होत्या हे नवी घडवणाऱ्यांना तिच्यावरून कळते. तपासणीला जाताना ती तोंडात घालून जा, आणि हा अंक वाचून झाल्यावर पहिल्या मिळेल त्या वेळी जा.